वऱ्हाडातील पांडे, देशपांडे आणि पटवारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील खेड्यांत तलाठ्याला आजही पटवारीच म्हणतात, आणि धुऱ्याचा किंवा वाटणीचा वाद निघाला की वडीलधारी माणसे जुन्या पटवाऱ्याच्या बस्त्याची, म्हणजे कापडात बांधलेल्या त्याच्या कागदांची, आठवण काढतात. हा पटवारी कोण होता, त्याच्याकडे लेखणी कशी आली, तिचा गावावर काय परिणाम झाला आणि त्याने लिहिलेले कागद आज कोणाच्या उपयोगाचे आहेत, हे प्रश्न शेतकरी, जातीच्या दाखल्यासाठी फिरणारे पालक आणि जुन्या वतनदार घराण्यांतील मंडळी नेहमी विचारतात. ज्यांनी गावाचे कागद लिहिले त्यांचा इतिहास हा ज्यांना लिहू दिले गेले नाही त्यांच्याही इतिहासाचा भाग आहे, असे मानून ही उत्तरे लिहिली आहेत.

पांडे, देशपांडे, कुलकर्णी आणि पटवारी यांत फरक काय?

वऱ्हाडात गावाचा कारभार पाटील पाहत असे आणि त्याच्या जोडीला हिशेब लिहिणारा पांडे असे. पश्चिम महाराष्ट्रात कुलकर्णी जे काम करी तेच काम हा पांडे करी. अनेक गावे मिळून परगणा होई. परगण्याचा प्रमुख देशमुख आणि परगण्याचे दप्तर सांभाळणारा देशपांडे. पटवारी हे नाव उत्तरेकडील मोगली कारभारातले आहे. इंग्रजी अमलात ते वऱ्हाडात आणि नागपूरकडे सारखेच रूढ झाले आणि पांडे हे नाव आडनावापुरते उरले.

ही रचना किती जुनी आणि किती पक्की होती, याची साक्ष अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत मिळते. मोगलांनी १५९६ मध्ये वऱ्हाड घेतल्यावर त्या ग्रंथात या सुभ्याचे वर्णन आले. त्यात तो सांगतो की, ज्याला उत्तरेत चौधरी म्हणतात त्याला इथे देशमुख, कानूनगोला देशपांड्या, मुकादमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुलकर्णी म्हणतात. राज्य बदलले तरी नव्या अंमलदाराला जुन्याच माणसांकडून हिशेब समजून घ्यावा लागत होता. इमादशाही गेली, निजामशाही गेली, मोगल आले, पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल बसला, तरी गावच्या चावडीत लिहिणारे घराणे बहुधा तेच राहिले.

हे काम एका विशिष्ट जातीचेच होते का?

वऱ्हाडात पांडेपण आणि देशपांडेपण मुख्यतः देशस्थ ब्राह्मण घराण्यांकडे होते. पाटील आणि देशमुख बहुतेक ठिकाणी कुणबी-मराठा समाजातले असत. हा नियम सर्वत्र सारखा नव्हता; पण चावडीत बसल्यावर हुकूम देणारा एका समाजाचा आणि लिहिणारा दुसऱ्या समाजाचा, ही विभागणी वऱ्हाडातील बहुतेक गावांत दिसे. वतन वंशपरंपरागत असल्यामुळे लिहिण्याचे काम आणि जन्म यांची गाठ पडली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिल्यामुळे ती स्वाभाविक आहे असे गावाला वाटू लागले.

कायस्थ आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू यांचा विदर्भाशी संबंध आहे का?

आहे, पण तो खेड्यातील चावडीपेक्षा राजदरबारातून आलेला आहे. उत्तर भारतात लेखणीची मोठी परंपरा कायस्थ समाजाकडे होती. तिथे श्रीवास्तव, सक्सेना, माथुर, भटनागर अशा बारा शाखा सांगतात, चित्रगुप्ताला मूळपुरुष मानतात आणि दिवाळीतील यमद्वितीयेला कलम-दौतीची पूजा करतात. इतिहासात मात्र कायस्थ हे आधी पदाचे नाव म्हणून दिसते. बंगालमधील दामोदरपूरच्या पाचव्या-सहाव्या शतकातील ताम्रपटांत प्रथम-कायस्थ हा जिल्ह्याच्या कारभारातील अधिकारी आहे. याज्ञवल्क्य स्मृतीने तर चोर, लबाड, दांडगे यांच्यापासून राजाने प्रजेला वाचवावे आणि कायस्थांपासून विशेष करून वाचवावे, असे सांगितले आहे. लिहिणाऱ्या कारभाऱ्याविषयीचा रयतेचा धाक किती जुना आहे, हे यावरून कळते.

चांद्रसेनीय कायस्थ प्रभू हा महाराष्ट्रातील वेगळा समाज आहे; शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव. नागपूरकर भोसल्यांबरोबर या समाजातील घराणी विदर्भात आली. नागपुरातील चिटणवीस घराणे त्यांपैकीच. दरबाराचा पत्रव्यवहार सांभाळणारे हे घराणे पुढे मोठे मालगुजार, म्हणजे गावांचे मालक, झाले आणि त्यातील सर गंगाधरराव चिटणवीस इंग्रजी काळात मध्य प्रांताच्या सार्वजनिक जीवनात अग्रभागी होते. दरबारी लेखणीतून जमीनदारी कशी उभी राहिली, याचे हे विदर्भातील ठळक उदाहरण आहे.

विदर्भात जमिनीच्या लेखाची परंपरा किती मागे जाते?

मोडी कागदांच्या कितीतरी आधी ताम्रपट होते. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातील ताम्रपट मिळाला. मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव, राजमानाप्रमाणे आठ हजार भूमी (भूमी हे जमिनीचे माप) एवढे, एक हजार ब्राह्मणांना दिल्याची नोंद त्यात आहे. गावाची ओळख, मोजमाप, घेणारे, करांतून मिळालेली सूट आणि अटी, हे सारे त्यात क्रमाने येते. पंधराशे वर्षांनंतर पटवाऱ्याच्या कागदातही जवळजवळ हीच कलमे दिसतात.

यादव काळात हेमाद्री, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला हेमाडपंत, हा श्रीकरणाधिप, म्हणजे राजाच्या दप्तराचा प्रमुख, होता आणि मोडी लिपी त्याने आणली असे परंपरा सांगते. मोडीचा उगम एकाच माणसाच्या नावावर घालण्याइतका सरळ नसावा असे मला वाटते. कारभाराच्या गरजेतून, हात न उचलता भराभर लिहिण्याच्या सवयीतून ती घडत गेली असावी.

वऱ्हाडातला पटवारी आणि नागपूरकडचा पटवारी वेगळा का होता?

दोन्ही प्रदेश इंग्रजांकडे वेगवेगळ्या वाटेने गेले म्हणून. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांच्या हवाली केले. नागपूरचे राज्य त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारसाविना निवर्तल्यावर खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांतात गेले. १९०३ मध्ये वऱ्हाड कारभारापुरते मध्य प्रांताला जोडले गेले, तरी जमिनीची व्यवस्था वेगळीच राहिली.

वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली. शेताची मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले, हद्दीचे दगड बसले आणि सारा थेट खातेदाराच्या नावे लागला. पाटील-पटवाऱ्यांची वतने मात्र सरकारने चालू ठेवली. १९०० मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र वऱ्हाड पाटील-पटवारी कायदा झाला. परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना कारभारातून बाजूला करून त्यांच्या रुसुमाबद्दल, म्हणजे वसुलीतील हक्काबद्दल, भरपाई देण्यात आली, त्यामुळे त्यांची नावे उरली आणि अधिकार गेला.

नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागांत मालगुजारी आली. तिथे गावाचा मालक मालगुजार झाला आणि कुळे त्याच्याखाली आली. मध्य प्रांताच्या १८८१ च्या जमीन महसूल कायद्याखालचा पटवारी हा मोजणी शिकलेला, अनेक गावांचे हलके, म्हणजे गट, सांभाळणारा सरकारी नोकर होता. त्याच्याकडे वऱ्हाडातल्यासारखे वतन नव्हते. हा फरक आजही भाषेत आहे. अमरावती-अकोल्याकडचा शेतकरी सर्व्हे नंबर सांगतो, भंडाऱ्याकडचा खसरा नंबर सांगतो. मालगुजारी गावांत वाजिब-उल-अर्ज नावाचा कागदही होता. तलावाचे पाणी कोणी कसे घ्यावे, जंगलातून लाकूड-चारा कोणी आणावा, गुरे कुठे चरावीत, असे गावाचे रिवाज त्यात लिहिलेले असत. पुढे निस्तार पत्रकात हे हक्क नोंदले गेले. वनहक्क कायदा २००६ खाली सामूहिक दावे करताना पूर्व विदर्भातील गावांना याच कागदांचा आधार घेता येतो, म्हणून ते केवळ अभ्यासकांच्या आवडीचे राहिलेले नाहीत.

पटवारी वर्षभर नेमके काय करी?

पेरणी झाली की शेतोशेती फिरून कोणी काय पेरले हे तो पेरेपत्रकात लिही. पीक उभे राहिले की त्याचा अंदाज घेऊन आणेवारी ठरवण्यात त्याचा वाटा असे; सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आणि त्या मानाने किती आणे आले यावर साऱ्यातील सूट अवलंबून राही. आज आण्यांच्या जागी पैसे आले आणि पन्नास पैशांच्या आत-बाहेरच्या आकड्यासाठी विदर्भात दरवर्षी तोच जीव टांगणीला लागतो. हप्त्याच्या वेळी वसुलीचा हिशेब, पावत्या, बाकीदारांची यादी. वर्षअखेर तहसिलात जमाबंदी. मधल्या काळात खरेदी, वाटणी, वारसा यांचे फेरफार, अशी त्याची कामे चालत. जनगणना, दुष्काळातील कामांच्या याद्या, गुरांची मोजदाद हेही त्याच्याच माथी येई.

सरकारी कामाबाहेर गाव त्याच्याकडून आणखी पुष्कळ लिहून घेई. सोयरिकीचे पत्र, सावकाराचा रोखा, कोर्टातला अर्ज, दूरच्या लेकीला खुशाली, यांपैकी काहीही लिहायचे असेल तर माणूस त्याच्याच ओट्यावर जाई. गावातील बहुतेक घरांची खासगी गोष्ट त्याला ठाऊक असे, आणि त्याचा दरारा पगारापेक्षा या ठाऊक असण्यातून येत असे.

त्याला मोबदला काय मिळे?

जुन्या काळी इनाम जमीन, वसुलीतील ठरावीक हक्क आणि खळ्यावरचे धान्य मिळे. इंग्रजी अमलात वऱ्हाडात वसुलीच्या प्रमाणात मुशाहिरा, म्हणजे मेहनताना, ठरला. वतनात भाऊबंद हिस्सेदार असत, त्यामुळे प्रत्यक्ष काम कोणी करायचे यावरून घराण्यांत दीर्घ तंटे चालत.

पटवाऱ्याविषयी गावांत इतका राग का होता?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर सौम्य करून देणे मला योग्य वाटत नाही. ज्या गावात जवळजवळ कोणालाच वाचता येत नाही, तिथे लिहिणाऱ्याचा शब्द पडताळून पाहण्याचे साधनच नसते. सारा भरला आणि पावती मिळाली नाही, तर भरणाऱ्याकडे पुरावा उरत नाही. गहाणखत म्हणून वाचून दाखवलेला कागद खरेदीखत निघाला, तर अंगठा देणाऱ्याला ते फार उशिरा कळते. वाटणीच्या फेरफारात एका भावाचे नाव राहून गेले, तर त्याच्या नातवंडांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पटवारी असे करी असे मुळीच नाही. पण प्रत्येक पटवाऱ्याला असे करता येत होते, आणि त्याला अडवणारे गावात कोणी नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही गोष्ट अधिक तीव्र झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडच्या कापसाला चढा भाव आला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, जमिनीला किंमत आली आणि तिच्या तारणावर कर्ज मिळू लागले. भाव उतरला तेव्हा कर्ज तसेच राहिले. सावकाराचा रोखा, रजिस्ट्री, कोर्टाचा हुकूमनामा आणि शेवटी पटवाऱ्याचा फेरफार, या चार कागदांच्या वाटेने कित्येक कुणबी, माळी, तेली घराण्यांची शेते दुसऱ्याच्या नावावर गेली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी उरलेसुरले बळही मोडले.

महात्मा फुले यांनी शेतकऱ्याच्या दैन्यामागे कुलकर्ण्याची लेखणी आणि शेतकऱ्याचे अज्ञान या दोन्ही गोष्टी दाखवल्या. विदर्भातच जन्मलेल्या गाडगेबाबांच्या चरित्रांत त्यांच्या मामाच्या शेतीची हकिकत सांगितली जाते. सावकाराच्या खोट्या हिशेबापायी ती जमीन गेली आणि तरुण डेबूजी, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, तिच्यासाठी सावकाराच्या माणसांपुढे उभा ठाकला. पुढे बाबा कीर्तनांत कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, प्रसंगी जेवणाचे ताट मोडा पण शिकवा, असे पुनःपुन्हा का सांगत, हे या हकिकतीवरून समजते. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीला उभी केलेली शिवाजी शिक्षण संस्था हेही याच दुखण्यावरचे उत्तर होते.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. सर्व्हे नंबर आणि खातेदाराचे नाव कागदावर आले, म्हणूनच पुढे कुळाला आणि वारसाला कायद्यापुढे उभे राहता आले. ज्या लेखणीने जमीन गेली तिच्याच नोंदीवरून ती परत मागताही आली. चोख हिशेब ठेवणारे, दुष्काळात बाकी लपवून माणूस वाचवणारे पटवारीही गावोगाव होऊन गेले आणि त्यांची आठवण लोक आदराने काढतात.

गावाची हद्द महार समाजाला माहीत असे आणि लिहिणे पांड्याकडे असे, हे खरे का?

खरे आहे, आणि या विषयातील मला सर्वाधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. शिव कुठून जाते, कोणता दगड कोणी हलवला, कोणती पांदण पूर्वी कुठून होती, याची स्मृती गावात महार समाजाकडे असे आणि शिवेच्या तंट्यात त्यांची साक्ष निर्णायक मानली जाई. मोजणीच्या वेळी पुढे चालून हद्द दाखवणारा तोच आणि मागून येऊन कागदावर ती उतरवणारा दुसरा. ज्ञान ज्याच्याकडे होते त्याच्या हाती कागद दिला गेला नाही, आणि ज्याच्या हाती कागद होता त्याचे नाव जाणकार म्हणून राहिले. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांतील बौद्ध बांधवांनी गावकीची कामे सोडली. ते योग्यच होते; मात्र त्यांच्या वाडवडिलांकडे असलेली शिवारांची तोंडी माहिती कोणी लिहून ठेवली नाही, हे गावाचे नुकसान झाले. जिथे जाणती माणसे अजून आहेत तिथे ती आता तरी त्यांच्या नावानिशी लिहून घ्यावी.

मग विदर्भात लिहिणारे फक्त वतनदारच होते का?

नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे स्थान आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ मानतात. पंथातील महदंबेचे धवळे स्त्रीने रचलेल्या सर्वांत जुन्या मराठी काव्यांत मोडतात. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतके जपले. वसुलीसाठी लिहिणे आणि श्रद्धेसाठी लिहिणे अशा दोन परंपरा विदर्भाच्या खेड्यांत शेजारी शेजारी चालत होत्या, आणि दुसऱ्या परंपरेत जन्माची अट बरीच सैल होती. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे.

जुन्या कागदांत बायकांची नावे दिसतात का?

क्वचित दिसतात, आणि दिसली तरी पुरुषाच्या आधाराने. पुरुषाच्या नावापुढे वल्द लिहून बापाचे नाव येते. बाईच्या नावापुढे जौजे म्हणजे नवऱ्याचे, किंवा बेवा म्हणजे वारलेल्या नवऱ्याचे. खातेदार म्हणून बाईचे नाव लागायचे ते बहुधा बेवा झाल्यावर. ज्या बाईने आयुष्यभर निंदण केले, वेचणी केली, तिची नोंद कोणत्याच रकान्यात नसे. शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती मोहीम नवऱ्यांनी जमिनीत बायकोचे नाव लावावे म्हणून होती, ती या रिकाम्या रकान्यावरच बोट ठेवणारी होती. जुनी वंशावळ काढताना बाईचे नाव सापडले तर ते टिपून ठेवावे. माहेरच्या घराण्याचा दुवा अनेकदा तिथूनच मिळतो.

मोडी कागद स्वतः वाचता येईल का?

सरावाने येईल. मोडीत ओळ आधी आखून घेतात आणि अक्षरे तिला लटकवल्यासारखी बोरूने सलग लिहितात. शब्दांत अंतर नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. म्हणून आधी अक्षर ओळखण्याचा अट्टहास न करता कागदाचा प्रकार ओळखावा. फेरफार, रोखा, जमाखर्च यांचे मायने, म्हणजे मजकुराचे साचे, ठरलेले असतात आणि मायना कळला की निम्मा कागद उलगडतो. मौजे, परगणे, बितपशील यांची संक्षिप्त रूपे सारखी येतात. सन फसली, म्हणजे महसुली कालगणनेचा, असेल तर साधारणपणे ५९० मिळवून इसवी सन काढावा. शुहूर ही दुसरी जुनी कालगणना असेल तर ५९९ किंवा ६००. शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो, त्याचा तक्ता जवळ ठेवावा. रकमेत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडात स्थान मिळाले, त्यामुळे संगणकावर शिकण्याची साधने आता आहेत. पण हाताने रोज एक ओळ गिरवण्यासारखा दुसरा उपाय नाही.

जातीच्या दाखल्यासाठी हे कागद का मागतात?

जातपडताळणीत मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेआधीचा, पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते दिनांक आहेत. ज्या घरात त्या काळी कोणी शाळेत गेले नव्हते, त्यांच्यासाठी कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, पेरेपत्रक, खसरा किंवा १९५४-५५ चे अधिकार अभिलेख एवढाच आधार असतो. गरीब आजोबांची जात एखाद्या कारकुनाने घाईत कशी लिहिली, यावर आज नातीचा प्रवेश ठरतो. जातीऐवजी धंदा लिहिलेला, पोटजात गाळलेली, उच्चारावरून नाव बदललेले, अशा नोंदी फार आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची उणीव सगळ्या राज्याला जाणवली.

व्यवहाराची गोष्ट अशी की, तहसिलात अर्ज करताना "जुना कागद द्या" असे मोघम लिहू नये. मौजा, जुना तालुका आणि जिल्हा, सर्व्हे किंवा खसरा नंबर, अंदाजे वर्ष आणि नोंदवहीचे नाव लिहावे. वाशीम आणि यवतमाळकडच्या मंडळींनी जुने जिल्हे बदलले आहेत हे लक्षात ठेवावे; वणी हे पूर्वी जिल्ह्याचे नाव होते आणि १९०५ मध्ये वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार झाले. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख शासनाने स्कॅन करून 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर ठेवले आहेत, तिथे आधी पाहावे.

वतन केव्हा संपले?

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात परगणे व कुलकर्णी वतने १९५१ पासून रद्द झाली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात असल्यामुळे तो कायदा इथे आला नाही. इथे ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली, पुढे १९५४ ची जमीन महसूल संहिता आली, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महसुली पाटलांचे पद १ जानेवारी १९६३ पासून गेले आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी हे नवे पदनाम मिळाले आहे, आणि ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत पेऱ्याची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची आहे. ज्यांच्याकडे मोबाइल नाही किंवा शिवारात रेंज नाही, त्यांचा पेरा मात्र अजून दुसऱ्याच्याच हाताने लिहिला जातो, आणि ती जुनी अडचण नव्या रूपात परत येऊ नये याकडे ग्रामसभेने लक्ष द्यायला हवे.

आमच्या वाड्यात जुन्या कागदांचा बस्ता आहे. त्याचे काय करावे?

जाळू नये, नदीत सोडू नये, रद्दीत देऊ नये, आणि चमत्कारिक वाटेल पण पूजेतही ठेवू नये. हळद-कुंकवाने आणि तेलाच्या दिव्याने कागद लवकर खराब होतो. रुमाल ज्या क्रमाने बांधलेले आहेत तो क्रम मोडू नये, कारण कोणता कागद कशासोबत होता यातूनही माहिती मिळते. चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकची थैली वापरू नये. वाळवी आणि ओल यांपासून दूर, स्वच्छ सुती कापडात ठेवावे. प्रत्येक कागदाचा उजेडात सपाट ठेवून फोटो घ्यावा आणि त्याला मौजा व सन लिहून क्रमांक द्यावा.

कागद द्यायचे असतील तर पुराभिलेख संचालनालयाचे नागपूर येथील अभिलेखागार, नागपूरचे विदर्भ संशोधन मंडळ आणि यवतमाळचे शारदाश्रम ही विदर्भातील ठिकाणे आहेत. शारदाश्रमाचा संग्रह डॉ. य. खु. देशपांडे यांच्या परिश्रमातून उभा राहिला. निजामी काळातील वऱ्हाडचे दप्तर शोधणाऱ्याला हैदराबादच्या अभिलेखागारातही जावे लागते.

वतनदार घराण्यांतील अनेकांना शंका असते की हे कागद बाहेर दिले तर जमिनीचे जुने वाद उकरले जातील किंवा आजोबांवर ठपका येईल. ही भीती समजण्यासारखी आहे. पण त्या बस्त्यात तुमच्या घराण्याचा हिशेब थोडा आणि गावातील इतर शंभर घरांचा हिशेब अधिक आहे. कोणाच्या पणजोबाचे नाव, कोणाच्या विहिरीची नोंद, कोणत्या पांदणीची रुंदी त्यात असेल आणि त्या घरांकडे दुसरा कुठलाही कागद नसेल. म्हणून निदान फोटो घेऊन त्यांची एक प्रत गावच्या वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत ठेवावी, सोबत नावांची यादी बाळबोध अक्षरांत करून लावावी, आणि जो कोणी आपल्या माणसाची नोंद शोधत येईल त्याला ती पाहू द्यावी.